धोंड्याचा महिना कोणाचा

शके १८६१, अधिक श्रावण शु. १

आजपासून धोंड्याचा महिना. संकल्प सोडला. महिनाभर एकभुक्त, पहाटे गार पाण्याने स्नान. समई अखंड नको, सांजेपुरतीच. तेलाचे मान देवालाही ठाऊक आहे. दुपारी अधिक महिन्याची पोथी वाचायची. मामंजी म्हणाले, "वाच. मॅट्रिकचा तेवढा तरी उपयोग होऊ दे." असे बोलतात, आणि मग पोथीला चौरंग स्वतः काढून देतात.

गिरजेने अनारशाचे तांदूळ भिजत घातले. तीन दिवस पाणी बदलायचे. ती घरातले वरकाम बघते, तिचा नवरा खंडू आमचा सालगडी. शेत, बैल, मोट सगळे त्याच्या अंगावर. चौथे साल आहे त्याचे आमच्याकडे. पाडव्याला विडा घेतला, म्हणजे सालाचे बोलणे पक्के. पाडवा ते पाडवा. निम्मे दाणे नि पैसे आधी, निम्मे साल भरल्यावर.

आजचा खर्च: गूळ, तूप, वाती. बाकी काही न्हाई.

अधिक श्रावण शु. ६

पोथीला शेजारच्या चौघी आल्या. गिरजा अंगणात तूर पाखडत होती, तिथूनच ऐकत होती. आजचा भाग: हा जास्तीचा महिना कोणालाच नको होता. त्याला देव न्हाई, सण न्हाई, लग्न न्हाई, मुंज न्हाई. लोक मळका म्हणून हिणवायचे. तो रडत विष्णूपाशी गेला. देवाने त्याला पोटाशी घेतले, आपले नाव दिले.

सगळ्यांचे डोळे भरून आले. माझेही.

पोथी बांधताना गिरजा म्हणाली, "वैनी, म्हंजी ह्यो महिना देवाचा झाला."

"झाला."

"मंग ह्या महिन्यात आम्ही कोनाचं काम करून राह्यलो?"

बाकीच्या हसल्या. मीही हसले. गिरजेचे तोंड असेच.

अधिक श्रावण व. ११

एकादशी. आज एकभुक्तही न्हाई, नुसते पाणी आणि दोन खजूर.

खंडूने गोठ्यात ह्यांना विचारले, "धाकले मालक, ह्यो महिना सालात धरायचा का सालाच्या वर?"

"वर म्हणजे रे?"

"म्हंजी बारा भरले की मी मोकळा, का तेरा?"

हे म्हणाले, "अरे, देवाचा महिना. त्यात तुझं नि माझं काय?"

"मंग देवाच्या महिन्यात तुमचं निंदण कसं काय चालू हाय, मालक?"

हे मला सांगताना आधी हसत होते. सांगून झाल्यावर हसू राहिले न्हाई.

निज श्रावण शु. २

महिना पार पडला. मामंजींच्या जावयाला तेहतीस अनारशांचे वाण दिले, तांब्याच्या ताटात, दिव्यासकट. सगळे अनारसे गिरजेनेच थापले. माझा हात खसखशीला बरा, थापायला न्हाई. तळताना फुटले ते तिला दिले. देताना काही वाटले न्हाई. लिहिताना वाटते आहे.

भाद्रपद व. ३

विलायतेत लढाई लागली म्हणतात. रॉकेल वाढले. कापसाला भाव येणार म्हणून मामंजी खुशीत. खंडूचे दाणे-पैसे पाडव्याला ठरलेले, ते आहेत तिथेच.

गिरजेला दिवस गेले आहेत. चार वर्षांत पहिल्यांदा. रोज डोळ्यांत वेगळेच पाणी. ओटी भरायला नारळ आणून ठेवला.

कार्तिक व. ५

खंडूचा मामा मेंढरे घेऊन आला होता. थोराड माणूस, एका डोळ्याने अधू. आमच्या पडीक रानात दोन दिवस कळप बसवला, खत झाले. त्याला मूलबाळ न्हाई. खंडूला म्हणाला, फाल्गुनात मेंढ्या विणार, मला एकट्याला निभत न्हाई. तू ये. होतील त्यातली निम्मी कोकरे तुझी. फाल्गुन लागायच्या आत आला तर तू, न्हाई तर धाकट्या बहिणीच्या पोराला बोलावतो.

गिरजा सांगत होती. भाकरी थापता थापता, आणि हातातली भाकरी मोठी मोठी होत गेली. "वैनी, धनगराचं लेकरू दुसऱ्याच्या बैलामागं चालून राह्यलं चार वर्सं. सोताची मेंढरं झाली तर..." तव्यावर भाकरी मावेना.

म्हणजे आता त्या प्रश्नाला दात फुटले. चैत्रापासून मोजले आणि धोंडा धरला, तर माघ अवसेला बारा भरतात. फाल्गुन तेरावा.

मार्गशीर्ष शु. १०

खंडूने मामंजींपुढे विषय काढला. मी माजघरात, दार लोटलेले, पण ऐकू येते.

"मालक, माघाच्या अवसेला बारा महिने भरून राह्यले. मला मोकळं करा."

"साल पाडव्याला भरतं, खंड्या. फाल्गुनात खळं पडलेलं. गहू मळायचा, ज्वारी मळायची. ऐन वख्ताला कुठं चालला?"

"बारा महिन्याचं बोलणं हाय मालक."

"सालाचं बोलणं आहे. पाडव्याला पारावर जोशीबुवानं पंचांग वाचलं, औंदा धोंडा आहे म्हणून सगळ्या गावानं ऐकलं. तू न्हाई ऐकलं?"

"मी तवा वढ्यावर होतो. तुमचीच बैलं धुवून राह्यल्तो."

मग मामंजींची हाक, "सूनबाई, पंचांगात बघून सांग. साल कधी संपतं?"

पंचांग उघडायची गरज नव्हती, तरी उघडले. दाराआडून सांगितले, पाडव्याला.

खंडू गेला. जाताना दाराकडे बघून गेला. मी खोटे सांगितलेले न्हाई. पंचांगात तेच आहे. तरी देवापुढे बसले तेव्हा जप दोनदा चुकला.

मार्गशीर्ष व. २

गिरजेशी बोलणे काढले. म्हटले, रागावलीस का?

"राग कशाचा? तुमी बुकातलं सांगितलं." मग पोटावर हात ठेवून म्हणाली, "पर वैनी, हे धोंड्यात राह्यलंय. मालकाच्या हिशेबानं धोंडा सोडून मोजलं तर लेकरू आठव्यातच येईल की. सुईणीला सांगून ठेवा, घाबरायची."

हसता हसता डोळ्यांतून पाणी आले दोघींच्या. चैत्र संपता संपता बाळंत होईल ती.

पौष शु. ७

संक्रांत झाली. तीळ-गुळाचा खर्च बेताचा.

हे जाफराबादला तहसिलीत सारा भरायला गेल्ते. मीच सांगितले होते, तिथे एखाद्या वकिलाला विचारून बघा, सालगड्याचा कायदा काय. एक ओळखीचे वकील भेटले. म्हणाले, कागद आहे का? न्हाई. जबानी? मग गावची रीत तोच कायदा. एका सालाच्या वर कोणाला बांधून ठेवायचे न्हाई असा सरकारचा काही हुकूम निघाला आहे म्हणे, पण साल कोणाचे ते त्यांनाही सांगता येईना. दफ्तराचे साल फसली. त्यात दर वर्षी बाराच महिने. "तुमचा धोंडा आमच्या दफ्तरात येतच नाही," म्हणाले आणि चहा पाजला.

म्हणजे सरकारच्या सालाने खंडू सुटतो, पंचांगाच्या सालाने अडकतो. आणि दोन्ही सालांत काम तेवढेच.

पौष व. ९

आज ह्यांना म्हणाले, पुढच्या खोलीतल्या शिंप्याकडून आपण धोंड्याचेही भाडे घेतले. मीच जमेला धरले. तेरा महिन्यांचे.

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"भाडं महिन्याचं असतं. गडी सालाचा."

ह्यांना स्वतःलाच पटले न्हाई, आवाजावरून कळते. पण मामंजींपुढे बोलायची छाती न्हाई. माझी तरी कुठे आहे?

माघ शु. ५

काल चतुर्थीला राजूरच्या गणपतीचे दर्शन झाले. आज परत आलो. गाडी खंडूने हाकली. वाटेत हे झोपले होते. मी विचारले, पाडव्यापर्यंत थांबलास तर तेवढे काय बिघडेल, मामाला सांगून बघ. तो बैलांकडे बघतच म्हणाला, "वैनी, मेंढ्या काय पंचांग बघून वीत न्हाईत. फाल्गुनात कोकरं पडनार. तवा जो हाजर त्याची निम्मी. पाडव्याला जाऊन मी काय लेंड्या मोजू?"

तोंडाला पदर लावून हसले.

देवापुढे काय मागितले ते इथे लिहीत न्हाई.

माघ व. ३०

अमावास्या. खंडू सकाळी गोठा झाडून, बैलांना पाणी दाखवून ओट्यावर आला. खांद्यावर घोंगडी. आसूड दोन्ही हातांवर आडवा धरून उंबऱ्यापाशी ठेवला. "मालक, साल भरलं."

मालकाने आपल्या हाताने आसूड उचलला की गडी मोकळा, अशी इकडे रीत. मामंजींनी उचलला न्हाई. पान लावत बसले. खंडू उभा. मामंजींचे पान खाऊन झाले. खंडू उभाच.

"आज तू गेलास तर मागचं निम्मं विसर. आणि आपल्या टेंभुर्णी गावात तुला कोणी विडा देणार न्हाई. सालातून पळाला म्हणतील."

"पळायचं असतं तर सांगून कशाला आलो असतो?"

हे मधे पडले. उद्या पारावर पंच बसवू म्हणाले. आसूड दिवसभर उंबऱ्याशी पडून. सगळे ओलांडून जात होते. झाडताना मी त्याच्या भोवतीने झाडले.

फाल्गुन शु. १

मारुतीच्या पारावर पंच बसले, चौघे, आणि जोशीबुवा. मामंजींनी ह्यांना घरी पाठवले: सूनबाईला विचारून ये, पंचांगात काय आहे ते पंचांना सांगायचे आहे.

मी ह्यांना म्हणाले, "साल पाडव्याला संपतं, हे सांगा. आणि महिने तेरा होतात, हेही सांगा. दोन्ही सांगा. एक सांगून येऊ नका."

नंतर कळले, पहिले ह्यांनी मोठ्याने सांगितले, दुसरे हळू. पण जोशीबुवांचे कान तिखट. म्हणाले, "दुसरं काय म्हणाला? जोरात म्हण."

तिथून बोलणे फिरले. पंचांनी ठरवले: साल पाडवा ते पाडवा, ही गावची रीत मोडायची न्हाई. पण गड्याने बारा महिने भरले हेही खरे. तर खंडूने जावे, आणि पाडव्यापर्यंत त्याच्या घरचे माणूस कामाला राहील. महिना भरला की मागचे निम्मे द्यावे, नाव खराब करू नये.

खंडूच्या घरी माणूस म्हणजे एक गिरजा.

फाल्गुन शु. २

खंडू पहाटेच मामाच्या कळपाकडे गेला. दिवस उगवायला गिरजा आली, उंबऱ्याचा आसूड उचलून उभी राहिली. "मालक, मी महिना भरते. मोट न्हाई हाकता यायची, पर मळनीची बैलं फिरवीन."

मामंजींनी तिच्याकडे वर-खाली बघितले. "बाईला रोजगार निम्मा असतो का न्हाई गावात?"

"असतो."

"म्हणजे बाई अर्धा गडी. तुझा एक महिना म्हणजे आमचे पंधरा दिवस. पंच म्हणाले महिना भरायचा. मग तू चैत्र अखेरपर्यंत ये."

तिचे तोंड बंद झालेले मी पहिल्यांदा पाहिले. आसूड घेऊन खळ्याकडे गेली. जोशीबुवांना कोणीतरी जाऊन विचारले, ते म्हणाले, त्यावर पंचांचे बोलणे झालेले न्हाई.

चैत्र अखेर. म्हणजे बाळंत होईपर्यंत उन्हात. आणि खंडूला मागे बोलवावे तर कोकरे गेली.

एक पोळी कशीबशी खाल्ली. पोथी उघडली, मिटली. आज लिहिण्यासारखा जमाखर्च काही न्हाई.

फाल्गुन शु. ३

सकाळी देवपूजा आटोपली. मामंजींचे ताट झाकून ठेवले. लुगड्याचा काष्टा घट्ट केला, डोक्यावरून पदर पुढे ओढला आणि खळ्यावर गेले. ह्या घरची सून मळणी चालू असताना खळ्यावर गेलेली न्हाई. भाकरीही गडी येऊन नेतो.

हे वाटेत आडवे आले. "अगं, कुठं?"

"एक बाई अर्धा गडी. मग दोघी मिळून एक."

"लोक काय म्हणतील?"

"दोन बायका म्हणजे एक गडी म्हणतील. हिशेब बरोबर आहे का न्हाई, तेवढं सांगा."

ह्यांनी वाट सोडली. सोडताना म्हणाले, "उन्हं वर आल्यावर पाणी मी आणतो."

गिरजा मला बघून आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "वैनी, बैलाच्या शेपटीमागं राहू नका, शेण पडंल अंगावर." तिवड्याभोवती, म्हणजे खळ्यातल्या मधल्या खांबाभोवती, चार बैल. बाहेरच्या अंगाचा बैल धावतो, आतला सरकत न्हाई. तिने कडेला बसून कणसे लोटायची, मी फिरायचे. मग मी लोटायची, तिने फिरायचे. तिने फिरायचे म्हटले की मी ऐकत नव्हते.

दुपारी मामंजी बांधावर आले. उभे राहिले. सुनेने सासऱ्यापुढे तोंड उघडायचे न्हाई, म्हणून मी बैलांकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "गिरजा, मामंजींना सांग, अर्धी नि अर्धी. हिशेब त्यांचाच आहे."

गिरजेने माझ्याकडे बघितले, मामंजींकडे बघितले. "मालक, ऐकू आलं का, का म्या सांगू?"

मामंजी म्हणाले, "बैल उलटे फिरून राह्यले." आणि परत गेले. खरेच उलटे फिरत होते.

फाल्गुन शु. ४

तळहातांना फोड. टाक धरवत न्हाई, म्हणून थोडेच.

मामंजी घरात माझ्याशी बोललेले न्हाईत. ताट वाढले ते जेवले. भाजीत मीठ कमी होते, तेही बोलले न्हाईत. सकाळी जोशीबुवांना बोलावणे धाडले आहे. कशासाठी ते ह्यांनाही ठाऊक न्हाई. हे म्हणतात, गिरजेचा महिना पुरा धरायचा विचार असेल. मला वाटते, मला खळ्यावरून आणायचा काही शास्त्रार्थ काढायचा असेल. दोन्ही होऊ शकते.

मामाच्या कळपाकडून निरोप आला. तीन मेंढ्या व्यायल्या. एक कोकरू गेले, दोन उभी आहेत. गिरजेने ती कशी आहेत, कोणत्या रंगाची, चारचारदा विचारले. निरोप्या म्हणाला, "काळी. दोन्ही काळी." ती म्हणाली, "मंग त्यातलं आमचं कोन्तं?" त्याला ते ठाऊक नव्हते.

जोशीबुवा ओट्यावर येऊन बसले आहेत, आवाज येतो आहे. गिरजा पुढे खळ्याकडे गेली. आसूड तिच्या हातात आहे. मी निघते.